न टोचलेली सुई

कुणी 'दवाई प्याला' असं म्हटलं की आजही माझे कान टवकारतात आणि ते प्रकरण जसंच्या तसं समोर उभं राहतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पुढाऱ्यांचे बंदोबस्त तर नको म्हणेस्तोवर केले. त्यातलं पुष्कळसं आता पुसट झालं आहे. पण भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यातला तो दिवस पुसट होत नाही, कारण त्या प्रकरणाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही. नावं कुणाचीच देत नाही. साधी माणसं होती, त्यांची मुलंबाळं आज तिथे सुखाने नांदत असतील.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी उपनिरीक्षक होतो आणि ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. मूळचा मी साताऱ्याकडचा. झाडीपट्टीची बोली माझ्या कानाला बसली, पण जिभेवर कधी बसली नाही. तिथले लोक मला म्हणायचे, "साहेब बोलतात तं पुस्तक वाचल्यावानी." माझा जमादार मात्र तिथलाच, पवनीकडचा. मिशीतल्या मिशीत हसणारा, गावोगावची नाती तोंडपाठ असणारा माणूस. फिर्यादी रडत, ओरडत काही सांगू लागला की मी आधी जमादाराच्या चेहऱ्याकडे पाहायचो आणि मग कागदाकडे.

भादव्याचे दिवस होते. धान पोटरीत आलं होतं आणि त्यावर तुडतुडे पडले होते. घराघरात फवारणीच्या बाटल्या आलेल्या. दर वर्षी या दिवसांत आमच्या ठाण्यात एक ठरावीक खबर यायची, 'दवाई प्याल्याने दवाखान्यात दाखल'. कुणी भांडणातून प्यायचं, कुणी कर्जातून, कुणी कशातून. त्या शब्दांचा अर्थ पोलीस पाटलापासून दवाखान्याच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना एकच ठाऊक होता. फवाऱ्याचं विष. पुढचं कामही ठरलेलं होतं. आम्ही स्टेशन डायरीला नोंद करायची, जबाब घ्यायचे, बाटली जप्त करायची. दवाखान्याने पोट धुवायचं आणि अ‍ॅट्रोपिनच्या सुया सुरू करायच्या.

त्या दिवशी हजेरी आटोपून मी चहाचा पेला हातात घेतला आणि अड्याळच्या बाजूच्या एका गावचा पोलीस पाटील सायकल भिंतीला लावून आत आला. घामाने निथळत होता.

"साहेब जी, आमच्या गावात सुनेनं नवऱ्याले दवाई पाजली. तिनं साऱ्यायसमोर कबूल केलं. त्याले दवाखान्यात नेलं."

एवढं बोलून त्याने पिशवीतून एक अर्धी रिकामी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. वर हसला, जसं काही माझं अर्धं काम त्यानेच उरकलं.

"पाटील," मी म्हटलं, "या बाटलीवर आता तुमच्याच बोटांचे ठसे आहेत. तुम्हालाच बसवू का आत?"

पाटलाचं हसू उतरलं. तेवढ्यात दवाखान्याचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. तीच खबर, तेच शब्द. ठाणे अंमलदाराने पेन उघडलं आणि खुशीत म्हणाला, "साहेब, आज तं सारंच तयार भेटलं. फिर्याद आहे, कबुली आहे, बाटली आहे." खरंच तयार होतं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, आरोपी हजर, मुद्देमाल टेबलावर. असा ताटात वाढलेला गुन्हा पाहिला की मी जरा सावध होतोच. हा माझा स्वभाव. बाटली रीतसर जप्त करायला सांगून, जमादाराला घेऊन मी जीपने दवाखान्यात गेलो.

दवाखान्याच्या आवारात अर्धं गाव जमलं होतं. मी उतरताच रोग्याचा थोरला भाऊ धावत आला. दणकट शेतकरी, धोतर चिखलाने माखलेलं, डोळे लाल. त्यानेच भावाला गाडीत घालून सडकेपर्यंत आणलं होतं आणि तिथून एका ट्रकवाल्याच्या पाया पडून दवाखाना गाठला होता.

"साहेब, भावजयीले मंग धरजा. आधी त्या सिस्टरले धरा! सुई हातात घेतली अन् टोचून नाही राहिली. माह्या भावाले डोळ्यासमोर मारून राहिली!"

आत गेलो. वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर पंचविशीचा एक तरुण तळमळत होता आणि त्याच्या उशाशी सिस्टर उभ्या होत्या. या सिस्टरची ओळख करून द्यायला हवी. चाळिशीच्या, उंच, बांधेसूद. नागपूरला शिकलेल्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर घरातल्या पहिल्या मुलीला शिकायला धाडलं, असं त्यांनीच मला पुढे कधीतरी ताठ मानेने सांगितलं होतं. दवाखान्यात त्यांचा दरारा असा की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय वॉर्डातली खाट हलवत नसत. डॉक्टर तरुण होते, कष्टाळू होते आणि सिस्टरवर विश्वास ठेवण्याइतके शहाणे होते. त्या दिवशी मात्र ते नव्हते. लांबच्या एका खेड्यात हगवणीची साथ पसरली होती, पहाटेच तिकडे गेले होते.

"साहेब, बुटांचा आवाज कमी करा," हे सिस्टरचं माझ्याशी पहिलं वाक्य. "आवाजानं हा जास्त बिथरतो."

मी टाचा उचलून चालू लागलो. पोलीस खात्यात असं मला कुणी चालवलं नव्हतं.

कंपाउंडर बाजूला हात चोळत उभा होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "डॉक्टर साहेबाचा कायमचा हुकूम आहे साहेब. दवाईची केस आली की सुई सुरू कराची, त्यायची वाट पाहाची नाही. मी बाईले केव्हाचा सांगून राहिलो."

"हुकूम दवाई प्यालेल्यासाठी आहे," सिस्टर म्हणाल्या. "हा दवाई प्यालेला नाही."

"अहो, ती बाई स्वतः कबूल करते आहे," मी म्हटलं.

"ती काय कबूल करते ते तुम्ही पाहा. मी पेशंट पाहते."

उत्तर मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण सिस्टरने ते धरून बसायला वेळच दिला नाही. बॅटरी काढून त्यांनी रोग्याची पापणी वर केली आणि मला जवळ बोलावलं. डोळ्याची बाहुली इतकी पसरली होती की भोवतीचा रंग जेमतेम कडेला उरला होता.

"फवाऱ्याचं विष घेतलेल्याची बाहुली मोहरीएवढी होते. तोंडाला फेस येतो, अंग घामानं भिजतं, वास तर दारातच येतो. दर वर्षी मी पाहते. याचं तोंड बघा, जीभ लाकडासारखी. अंगाला हात लावा." मी लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक. "पोट धुतलं मी. फवाऱ्याची दवाई पाण्यात पडली की पाणी दुधासारखं होतं. यातून हिरवा चोथा निघाला. तो बाटलीत सील करून ठेवला आहे, तुम्हाला लागेल म्हणून."

"पण सुई दिली तर बिघडणार काय? लागली तर लागली."

सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेच्या बाई आठवल्या. "साहेब, अ‍ॅट्रोपिन जे करतं ते सगळं याला आधीच झालं आहे. डोळे मोठे, तोंड कोरडं, नाडी पळते, ताप चढतो. त्याच्यावर मी आणखी टोचू? विझवायच्या जागी रॉकेल ओतू?"

खाटेच्या पायथ्याशी केसपेपर लटकत होता. त्यावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की इंजेक्शन दिलं नाही, का दिलं नाही, आणि खाली स्वतःची पूर्ण सही. मी येण्याच्या आधी, भावाने आरडाओरड करण्याच्याही आधी. नोकरीत मी हुकूम मोडणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक जण मोडतात आणि मग कारणं शोधतात. स्वतःहून कारण लिहून, खाली सही करून उभी राहणारी ही पहिलीच बाई पाहिली. त्या चुकल्या असत्या आणि तो तरुण गेला असता, तर त्यांची नोकरी तर गेलीच असती, पण मलाच त्यांच्यावर गुन्हा दाखल करावा लागला असता. हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी माझ्या अखत्यारीतलं काम केलं. ड्रायव्हरला सांगितलं, जीप काढ, डॉक्टर जिथे असतील तिथून घेऊन ये, नाला भरला असेल तर चालत जा पण आण. जीप गेली आणि आमचं वाट पाहणं सुरू झालं.

एव्हाना रोगी खाटेवरून उठू पाहत होता. हवेतून काहीतरी वेचत होता, न दिसणारे धागे ओढावेत तसं. कुणाशी तरी बोलत होता, मध्येच बायकोच्या नावाने हाका मारत होता. भाऊ दोरी घेऊन आला. "बांधा जी याले खाटेले, नाही तं पडते."

"दोरी बाहेर ने," सिस्टर म्हणाल्या. "बांधलं तर हा झटापट करेल, ताप आणखी चढेल. भाऊ, तू ओल्या फडक्याच्या घड्या दे मला. ते काम तुझं." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, त्यांनी जे मागितलं ते ऐकून जमादारसुद्धा सरळ उभा राहिला. "साहेब, याच्या बायकोला आत पाठवा. हा तिलाच बोलावतो आहे. ती हात धरून बसली तर हा शांत राहील."

म्हणजे जिच्यावर विष पाजल्याचा आरोप, तिलाच त्या माणसाच्या उशाशी बसवायचं! भाऊ उसळला. "उरलेलं काम पुरं कराले आणता का तिले?" दारातली माणसं कालवा करू लागली. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं आणि उद्या काही झालं असतं तर माझ्या वर्दीची चिंधी उरली नसती. सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही माझ्या हाताशिवाय जाणार नाही. संशयित आहे की नाही ते तुमचं. मला हा माणूस न बांधता सांभाळायचा आहे."

मी 'आणा' म्हटलं. जमादाराला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. तो निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता, हे मी आज छाती काढून सांगतो.

ती बाहेर व्हरांड्याच्या कोपऱ्यात, गावकऱ्यांनी आणून बसवलं तिथेच, भिंतीला टेकून बसली होती. एकोडीकडची मुलगी, लग्नाला दोनेक वर्षं झालेली. पदराचा बोळा तोंडात धरलेला, नजर जमिनीवर. सकाळपासून तिच्या जवळ कुणी फिरकलं नव्हतं. जमादार तिला म्हणाला, "चाल वं पोरी. काहून भेतेस? तुह्या माणसानं बलावलं." ती धडपडत उठली, उंबरठ्याला अडखळली आणि आत येऊन तिने नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो काही एकदम बरा झाला नाही. पण हाका थांबल्या, उठून पळणं थांबलं. भाऊ फडक्याच्या घड्या बदलत राहिला आणि एकदाही भावजयीकडे न पाहता दिवस कलेपर्यंत तसाच बसला.

उन्हं उतरता उतरता डॉक्टर आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी रोगी तपासला, पोटातून निघालेला चोथा उजेडात धरून पाहिला, केसपेपर वाचला आणि खाली सिस्टरच्या सहीशेजारी स्वतःची सही केली. मग मला म्हणाले, "धोतऱ्याची लक्षणं आहेत. सिस्टरनं सुया सुरू केल्या असत्या तर मी येईपर्यंत हा राहिला नसता. आता आशा आहे."

सिस्टर बरोबर ठरल्या. पण त्या पोरीच्या गळ्यातला फास काही सुटला नव्हता. धोतरा देऊन माणसाला बेशुद्ध करणं हा जुना धंदा, पोलिसाला तो नवा नाही. भावानेही लगेच तेच धरलं. "फवाऱ्याची नाही तं दुसरी पाजली असल. पाजली तं तिनंच न?" प्रश्न बिनतोड होता.

अंधार पडण्याआधी तिचा जबाब व्हायला हवा होता. त्या काळी आमच्या ठाण्यात बाई पोलीस नव्हती, म्हणून मी सिस्टरनाच बसायला सांगितलं आणि त्यांच्या खोलीत विचारपूस सुरू केली. लोकांना वाटतं विचारपूस म्हणजे टेबलावर हात आपटणं. मी आपटलेत, नाही म्हणत नाही. पण घाबरलेल्या माणसाकडून हात आपटून फक्त 'हो' बाहेर पडतं, आणि या पोरीने सकाळपासून पुष्कळ 'हो' म्हटलं होतं. मी खुर्ची तिच्यापासून लांब सरकवली आणि विचारलं, "नवऱ्याला काय पाजलंस?"

"दवाई जी."

"कोणती दवाई?"

तिने पहिल्यांदाच मान वर केली. दिवसभरात हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"दम्याची जी. यायले दम लागते. रातभर उठून बसून राहतात."

"आणली कुठून?"

"अड्याळच्या बाजारातून. वैदू बावाजीनं पाल्याची पुडी देल्ली."

"अगं, मग सकाळपासून हे सांगितलं का नाहीस?"

"कोणी पुसलंच नाही. सारे पुसत, तुनं दवाई पाजली का? मी म्हणलं, हो जी, म्याच पाजली." ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "फवाऱ्याची दवाई तं भासऱ्यायपाशी असते. मी त्याले कायले हात लावू?"

भासरा म्हणजे तिचा थोरला दीर, बाहेर ओरडणारा तोच. पाटलाने आणलेली अर्धी बाटलीही त्याच्याच फवारणीतून उरलेली. म्हणजे एकाच शब्दात दोन वस्तू होत्या, शेतातली आणि दुखण्यावरची, आणि सगळं गाव त्यातली हवी ती उचलून मोकळं झालं होतं. मी पुढे विचारलं, "वैदूनं काय सांगितलं होतं?"

"सकाळी उपाशी पोटी पियाले सांगतलं. म्हणून मी पाला कुटला, उकळला अन् चोथ्यासंगट वाटीभर देल्ला. आधी एक घोट म्याच पेला, लय कडू हाय का पाहाले."

सिस्टर एकदम खुर्चीवरून उठल्या. "तू प्यालीस? बघू इकडे." बॅटरी तिच्या डोळ्यांवर गेली. तिने झटकन तोंड फिरवलं, तिला उजेड सोसेना. बाहुल्या मोठ्या झालेल्या. जीभही कोरडी.

"नीट दिसतं का तुला?"

"सकाळपासून धुरकट दिसते जी. मले वाटलं, रडल्यानं."

सिस्टरने बॅटरी विझवली. मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "दुपारपासून माझ्यासमोर बसली आहे आणि मी हिचे डोळे पाहिले नाहीत. चल, तूसुद्धा खाटेवर." आणि माझ्या एकुलत्या एका आरोपीला हाताला धरून त्या वॉर्डात घेऊन गेल्या. मी अडवलं नाही. विष कालवणारा आधी स्वतः घोट घेऊन चव पाहत नाही, एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. अटक करायची नाही हे मी तिथेच ठरवलं. बाहेर येऊन गावकऱ्यांना घरी जायला सांगितलं.

उरला होता वैदू. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादाराला घेऊन मी अड्याळ गाठलं. गावाबाहेर चिंचेखाली त्याची झोपडी होती. म्हातारा बाजेवर बसून मुळ्या निवडत होता. पोलिसांना पाहून उठला नाही, घाबरलाही नाही. मला त्याचाच राग आला.

"दम्यासाठी पाला तू दिलास?"

"हो जी, म्याच देल्ला."

"प्यायला सांगितलंस?"

"हो जी. मी साऱ्यायले पियालेच सांगतो."

"साऱ्यांना?" माझा आवाज चढला. "धोतऱ्याचा पाला साऱ्यांना प्यायला सांगतोस? जमादार, घाला याला गाडीत!"

म्हाताऱ्याने हातातली मुळी खाली ठेवली. मग उशाची चिलीम उचलून त्याने मला दाखवली. "ह्याच्यात भरून पियाचा न साहेब! दोन झुरके घेतले की छाती मोकळी होते. उकळून गटागटा पियाले तो का चहा हाय?"

जमादार आधी हसला आणि मग माझा चेहरा पाहून सावरला. "साहेब," तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे बिडीबी पितेत, चिलीमबी पितेत."

रोज दुपारी हाच जमादार दारात येऊन मला म्हणायचा, "साहेब, जरा बिडी पिऊन येतो." मी मान हलवायचो. इतक्या वेळा ऐकलेला शब्द, पण तो या प्रकरणाची किल्ली असेल असं कुणाच्या मनात येणार! नवरा दमेकरी, बिडीला कधी हात न लावणारा. तिच्या माहेरी कुणी ओढणारं नाही, घरात चिलीम नाही. तिने ऐकलं 'पियाची' आणि चूल पेटवली. वैदूला वाटलं, दम्याचा पाला चिलमीतच पितात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याने चिलमीचं नावच घेतलं नाही.

वैदूजवळचा सगळा पाला जप्त केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि नमुने नागपूरला रासायनिक तपासणीला धाडले. पुढे अहवाल आला, धोतराच होता. म्हाताऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. तो गयावया करत होता, पण ज्याचं औषध जीव घेऊ शकतं त्याने ते कसं घ्यायचं हे सांगितलंच पाहिजे, मग तो चिंचेखाली बसणारा असो की काचेच्या केबिनमध्ये बसणारा. यात मी आजही कुणाला सूट देत नाही.

परत दवाखान्यात आलो तेव्हा रोग्याचा ताप उतरला होता आणि तो उशीला टेकून बसला होता. शेजारच्या खाटेवर बायको, तिला आता नीट दिसत होतं. दारात भाऊ उभा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. बाटली, दवाई, पाला, चिलीम, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन भावजयीच्या खाटेपासून हातभर लांब उभा राहिला, कारण भासऱ्याने भावजयीच्या जवळ जायची तिथे रीत नाही, आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "पोरी, माह्यानं चुकलं. घरी चाल." ती पदर पुढे ओढून रडायला लागली. खाटेवरचा नवरा आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहून विचारत होता, "काय झालं? तिले काहून रडवून राहिले तुम्ही?" त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. वर्दीतल्या माणसाला अशा वेळी खिडकी फार उपयोगी पडते.

महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत भंडाऱ्याला आमच्या अधीक्षकांनी विचारलं, "कबुली होती, मुद्देमाल होता, मग त्याच दिवशी अटक का नाही केली?" मी उभा राहून सांगितलं, "सर, दवाखान्यातल्या सिस्टरना रोग्याचं लक्षण जुळत नव्हतं. त्या थांबल्या, म्हणून मीही थांबलो." मागच्या रांगेत दोघेतिघे फिदीफिदी हसले. अधीक्षक हसले नाहीत. त्यांनी सिस्टरच्या नावाचं शिफारसपत्र आरोग्य खात्याकडे धाडायला सांगितलं, आणि ते मी स्वतः लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. एवढं मन लावून मी माझ्या बढतीचा अर्जही लिहिला नव्हता.

त्या दवाखान्यात डॉक्टर आणि सिस्टर या दोघांनी मिळून नवी शिस्त घातली. नुसतं 'दवाई प्याला' ऐकून कुणी सुई उचलायची नाही. कसली, कुठून आणली, कशी घेतली, हे विचारायचं, आणि सांगणारा काहीही सांगो, डोळे, जीभ, अंग स्वतः तपासायचं. मीही ठाणे अंमलदाराला तेच बजावलं. तो कुरकुरला, लिहिणं वाढलं म्हणाला. वाढू दे म्हटलं.

जोडपं घरी निघालं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सिस्टर तिला गोळ्या देत होत्या. "याला दम लागला की बाजारात जायचं नाही, इकडे यायचं. कळलं?"

तिने गोळ्या पदरात बांधल्या, दोन पावलं गेली आणि परत फिरली. आता ती भीत नव्हती.

"बाई, हे पियाचं का गिळाचं का लावाचं, ते नीट सांगजा. अन् पियाचं असल तं कशातून?"

सिस्टर इतक्या मोठ्याने हसल्या की वॉर्डातले रोगी माना उंचावून पाहू लागले. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पाण्यासोबत गिळायच्या. आणि असंच विचारत जा. मलाही, डॉक्टरांनाही. कुणी चिडलं तरी."

पोलिसाला लवकर हालचाल करायला शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण हातात भरलेली सुई आहे, वरून हुकूम आहे, भोवती गाव ओरडतं आहे, आणि तरी समोरच्या माणसाकडे नीट पाहून हात रोखून धरणं, याला मी धैर्य म्हणतो. बंदुकीसमोर छाती काढणारे मी पाहिले, तेही धैर्यच. हे मला त्याहून अवघड वाटतं. त्या सिस्टरमुळे माझ्या हद्दीत एक माणूस जगला आणि एक निरपराध पोर तुरुंगाऐवजी आपल्या घरी गेली. मी त्यात काय केलं? मी सिस्टरचं ऐकलं. सगळ्या नोकरीत मला सगळ्यात चांगलं जमलेलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो.